ॲक्ट २५० आणि व्हरमाँटच्या भू-वापर मंडळाची पुनर्रचना

ॲक्ट २५० हा अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचा १९७० सालचा भू-वापर व विकास कायदा. ठरावीक मर्यादेपुढची घरबांधणी, व्यापारी बांधकामे आणि भूखंडपाडणी यांना या कायद्याखाली राज्याचा परवाना घ्यावा लागतो. अर्जांवर निर्णय जिल्हा पर्यावरण आयोग देतात आणि त्यांच्या वर एक राज्य मंडळ असते. या मंडळाने नेमके काय करायचे, अपिले ऐकायची, नियम करायचे की नकाशे तपासायचे, यावर व्हरमाँटमध्ये पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्या वादातूनच आधी पर्यावरण मंडळ, मग २००५ पासून नैसर्गिक संसाधन मंडळ आणि १ जानेवारी २०२५ पासून भू-वापर आढावा मंडळ अशी मंडळाची तीन रूपे झाली.

हा परवाना म्हणजे आपल्याकडची बिगरशेती परवानगी नव्हे. तो जमिनीचा प्रकार बदलून देत नाही आणि गावाच्या स्वतःच्या बांधकाम परवानगीची जागाही घेत नाही. एखाद्या प्रकल्पाने पाणी, माती, रस्ते, शाळा, शेतजमीन, वन्यजीव आणि परिसराचे रूप यांचे काय होईल हे एका जागी, एकाच सुनावणीत तपासायचे, हा त्याचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

व्हरमाँट हे न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, छोटे, डोंगराळ राज्य. क्षेत्रफळ सुमारे २५,००० चौ. किमी., लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६,४३,०७७. राजधानी माँटपेलिअर. दीर्घकाळ लोकसंख्या जवळजवळ स्थिर असलेल्या या राज्यात १९६० च्या दशकात आंतरराज्य महामार्ग ८९ आणि ९१ आले आणि न्यूयॉर्क-बॉस्टनकडची माणसे शनिवार-रविवारी स्कीइंगसाठी सहज पोहोचू लागली. १९६० ते १९७० या काळात लोकसंख्या सुमारे ३ लाख ९० हजारांवरून सुमारे ४ लाख ४४ हजारांवर गेली. खरा दबाव मात्र या आकड्यात दिसत नाही. तो सुट्टीपुरत्या घरांचा होता, आणि त्यांचे मालक राज्याचे रहिवासी म्हणून मोजलेच जात नव्हते.

दक्षिणेकडच्या डोव्हर, विल्मिंग्टन या गावांत डोंगरउतारांवर भूखंड पाडून विकले जाऊ लागले. तिथे मातीचा थर पातळ, खाली लगेच खडक. प्रत्येक घराला स्वतःची सेप्टिक टाकी आणि शोषक्षेत्र. खडकामुळे सांडपाणी जमिनीत मुरेना. ते उतारावर पुन्हा वर येई आणि खालच्या ओढ्यांत, विहिरींत उतरे. गावांकडे ना नगररचनेचे नियम होते, ना ते राबवायला माणसे. त्यातच इंटरनॅशनल पेपर या कागद कंपनीने स्ट्रॅटन आणि विनहॉल परिसरातल्या आपल्या सुमारे २०,००० एकर जंगलजमिनीवर सुट्टीघरांची वसाहत उभारण्याचा विचार पुढे आणला. गव्हर्नर डीन डेव्हिस हे रिपब्लिकन पक्षाचे आणि पूर्वी एका विमा कंपनीचे अध्यक्ष राहिलेले. उद्योगाचा विरोधक म्हणून त्यांची ओळख नव्हती. त्यांनी १९६९ मध्ये आर्थर गिब यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याच्या शिफारशींवरून पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ॲक्ट २५० मंजूर केला. हा इतिहास मुद्दाम सांगायला हवा, कारण आजच्या वादात हा कायदा एका बाजूच्या राजकारणाचा असल्यासारखे बोलले जाते. तो तसा नव्हता. विहिरीत सांडपाणी आले तेव्हा सगळ्यांनाच तो हवा होता.

परवाना केव्हा लागतो

कायद्याची कक्षा प्रामुख्याने आकारावर बेतलेली होती. ५ मैलांच्या परिघात ५ वर्षांच्या आत एकाच व्यक्तीने किंवा कंपनीने १० किंवा अधिक घरे बांधली तर परवाना लागे. ज्या गावात कायमस्वरूपी झोनिंग (कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवणारे नियम) आणि भूखंडपाडणीचे नियम आहेत तिथे १० एकरांवरील, आणि जिथे नाहीत तिथे १ एकरावरील व्यापारी किंवा औद्योगिक बांधकामाला परवाना. म्हणजे गावाने स्वतःचे नियम केले तर राज्य थोडे मागे सरे. समुद्रसपाटीपासून २,५०० फुटांच्या वर मात्र कोणतेही व्यापारी, औद्योगिक किंवा निवासी बांधकाम असो, आकार न पाहता परवाना लागे. या उंचीवरची माती फार पातळ, झाडे फार हळू वाढणारी, आणि खालच्या खोऱ्यांतल्या ओढ्यांचे पाणी तिथूनच निघते. त्या उंचीखालची शेती आणि लाकूडतोड कक्षेबाहेर ठेवली आहे.

एकदा परवाना लागू झाला की तो जमिनीला चिकटतो. मालक बदलला, पिढी बदलली, तरी मूळ परवान्यातल्या अटी कायम राहतात, आणि जागेत मोठा बदल करायचा तर दुरुस्ती मागावी लागते. १९७८ मध्ये घातलेली झाडांची रांग राखण्याची अट आजच्या मालकालाही बांधून ठेवू शकते.

दहा निकष

अर्ज दहा निकषांवर तपासला जातो: पाणी व हवा प्रदूषण, पुरेसे पाणी, आसपासच्या पाणीसाठ्यावर ताण, मातीची धूप, वाहतूक, शाळांवरचा भार, गावाच्या सेवांवरचा भार, निसर्गसौंदर्य, ऐतिहासिक स्थळे आणि वन्यजीवांचे आवश्यक अधिवास, विकासाची एकूण दिशा, ज्यात सुपीक शेतजमिनीचे रक्षण येते, आणि स्थानिक व प्रादेशिक आराखड्याशी सुसंगती.

या यादीइतकेच महत्त्व पुराव्याचा भार कोणावर, या प्रश्नाला आहे. पाणी, धूप, शेतजमीन, आराखडा यांसारख्या निकषांवर सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. वाहतूक, शाळा, गावसेवा आणि सौंदर्य यांवर ती हरकत घेणाऱ्याची. शिवाय वाहतूक, शाळा आणि गावसेवा एवढ्याच कारणांवरून परवाना नाकारता येत नाही, फक्त अटी घालता येतात. शाळेत मुले वाढतील म्हणून घरे नकोत, असे म्हणण्याची वाट कायदा करणाऱ्यांनी १९७० मध्येच बंद केली होती. ही दूरदृष्टी होती.

आठवा निकष सर्वांत जास्त गाजला. ‘सौंदर्यावर अनुचित विपरीत परिणाम’ म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी पर्यावरण मंडळाने १९८५ मध्ये क्वीची येथील एका गृहप्रकल्पाच्या निर्णयात कसोटी घालून दिली. आधी पाहायचे की प्रकल्प परिसरात बसतो का. बसत नसेल तर तीन प्रश्न: तो समाजाच्या स्पष्ट, लेखी निकषाचा भंग करतो का, सर्वसाधारण माणसाला तो धक्कादायक वाटेल का, आणि परिणाम सौम्य करण्याचे सहज उपलब्ध उपाय अर्जदाराने टाळले का. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर परिणाम अनुचित. सौंदर्यासारखा निसरडा विषय सामान्य नागरिकांच्या समितीला हाताळता यावा इतका रेखीव करणारी अशी कसोटी प्रशासनात क्वचितच सापडते, आणि ती अजून वापरात आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत किलिंग्टन स्की केंद्राचे प्रकरण मोलाचे ठरले. कृत्रिम बर्फासाठी पाणी साठवायला कंपनीला डोंगरावर तळे बांधायचे होते. त्या भागात बीच झाडांचा दाट पट्टा होता. शरद ऋतूत काळी अस्वले बीचची फळे खाण्यासाठी खोडांवर चढतात आणि त्यांच्या नखांचे ओरखडे सालीवर वर्षानुवर्षे राहतात. त्या ओरखड्यांवरूनच झाडे मोजून, हा अस्वलांचा आवश्यक अधिवास आहे, हे मंडळापुढे मांडले गेले. परवाना नाकारला गेला आणि १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

सुनावणी कशी होते

राज्याचे नऊ पर्यावरण जिल्हे आहेत. प्रत्येकात गव्हर्नरने नेमलेले तीन आयुक्त असतात. ते तज्ज्ञ किंवा वकील असण्याची अट नाही. कोणी शेतकरी, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी दुकानदार. पूर्णवेळ नोकरी असते ती जिल्हा समन्वयकाची. अर्ज परिपूर्ण आहे का, मुळात परवाना लागतो का, हे तो पाहतो. बहुतेक अर्ज ‘किरकोळ’ प्रकारात मोडतात आणि कोणी हरकत घेतली नाही तर सुनावणीविनाच निकाली निघतात. मोठ्या अर्जांत आयोग आधी जागेवर जाऊन पाहणी करतो, मग जवळच्या सभागृहात सुनावणी होते. गाव, प्रादेशिक नियोजन आयोग, राज्याची खाती आणि लगतचे जमीनमालक यांना पक्षकार होता येते. शेजाऱ्याला आपल्या विहिरीबद्दल वकिलाशिवाय उभे राहून बोलता येते, हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ आहे. पुनर्रचनेच्या प्रत्येक प्रस्तावात, हे बळ शाबूत राहील का, हाच प्रश्न आधी विचारला गेला, आणि तो योग्यच होता.

राहून गेलेला आराखडा

मूळ कायद्यात परवाना हा अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा भाग नियोजनाचा. राज्याने क्रमाने आराखडे करायचे होते आणि त्यातला शेवटचा, राज्य भू-वापर आराखडा, कुठे वस्ती वाढावी आणि कुठे शेत व जंगल राहावे हे नकाशावर दाखवणार होता. १९७३ मध्ये क्षमता व विकास आराखडा मंजूर झाला आणि त्यातली तत्त्वे नवव्या निकषात आली. पण नकाशा आला तेव्हा गावोगावी विरोध पेटला. आपल्या जमिनीवर माँटपेलिअरहून रेघ ओढली जाणार, हे लोकांना पटले नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात तो विधिमंडळात अडला, आणि १९८० च्या दशकात ती तरतूदच काढून टाकली गेली. १९८८ च्या ॲक्ट २०० ने गावांना व प्रदेशांना नियोजनासाठी उत्तेजन दिले. पण राज्याचा एकत्रित नकाशा झाला नाही.

पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथून निघाल्या. नकाशा नसल्यामुळे ‘कुठे’ हा प्रश्न कायद्याला विचारताच येत नव्हता. तो फक्त ‘किती मोठे’ एवढेच विचारू शकत होता. गावाच्या मध्यभागी, नळ आणि सांडपाणी वाहिनी असलेल्या जुन्या वाहनतळावर २४ सदनिका बांधायच्या तर संपूर्ण परवाना, हरकती, कदाचित अपील. पण डोंगराच्या धारेवर वेगवेगळ्या मालकांनी एकेक घर, प्रत्येकाला अर्धा मैल लांबीचा खासगी रस्ता, अशी दहा-बारा घरे उभी राहिली तर कायदा गप्प. जंगलाचे तुकडे दुसऱ्या प्रकाराने पडतात, पहिल्याने नाही. बांधकाम व्यावसायिक तर नऊ घरांवर थांबायला शिकलेच. एक रस्तानियम काही काळ होता. ८०० फुटांपेक्षा लांब नवा रस्ता केला की परवाना लागे. लोक ७९० फुटांचे रस्ते करतात, अशी तक्रार होऊन २००१ मध्ये तो रद्द झाला.

मंडळाचे अधिकार

पहिल्या पर्यावरण मंडळात नऊ सदस्य होते आणि जिल्हा आयोगांच्या निर्णयांवरची अपिले तेच ऐकत. क्वीची कसोटीसारखे निर्णय त्यातून जन्मले. नकाशाअभावी राज्याचे भू-वापर धोरण एकेका प्रकरणातून घडत गेले आणि ते घडवणारे मंडळ साहजिकच राजकारणाच्या निशाण्यावर आले. १९९० च्या दशकात मोठ्या दुकानांवरून वाद तापले. सेंट ऑल्बन्स येथील वॉलमार्टचा प्रस्ताव १९९३ मध्ये आला आणि नकार, न्यायालय, नवा अर्ज असे होत दुकान उघडायला २०१३ उजाडले. नॅशनल ट्रस्ट या वारसा-संस्थेने १९९३ मध्ये धोक्यातील स्थळांच्या यादीत संपूर्ण व्हरमाँट राज्यच घातले होते. दुसरीकडे, कायदा उद्योगांना पळवून लावतो, ही तक्रारही तितकीच जोरात होती, आणि १९९४ मध्ये सेनेटने मंडळाच्या अध्यक्षांसह काही सदस्यांच्या फेरनियुक्तीला संमती नाकारली.

२००४ च्या सुधारणेने पर्यावरण मंडळ आणि जलसंपदा मंडळ दोन्ही बरखास्त केली. त्यांच्या जागी आलेल्या नैसर्गिक संसाधन मंडळाकडे नियम, प्रशासन आणि अंमलबजावणी राहिली. अपिले पर्यावरण न्यायालयाकडे गेली. पुढे हे न्यायालय वरिष्ठ न्यायालयाचा पर्यावरण विभाग झाले. गावाच्या झोनिंगची, राज्य खात्यांच्या परवान्यांची आणि ॲक्ट २५० ची अपिले एकाच न्यायालयात यावीत, हा विचार सुटसुटीत होता. किंमत मात्र मोठी पडली. न्यायालयात प्रकरण पुन्हा पहिल्यापासून चालते. साक्षी, तज्ज्ञ, वकील यांचा खर्च शेजाऱ्याला पेलत नाही आणि छोट्या बांधकाम व्यावसायिकालाही नाही. शिवाय जिल्हा आयोगांना मार्ग दाखवणारे, धोरण सांगणारे निर्णय देणारी जागा राहिली नाही. न्यायाधीश समोरचा वाद सोडवतो. राज्याच्या जमिनीचे पुढे काय व्हावे हे सांगणे त्याचे काम नाही.

सुधारणेचे प्रयत्न

कायद्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने विधिमंडळाने २०१७ मध्ये अभ्यास आयोग नेमला आणि त्याचा अहवाल २०१९ च्या सुरुवातीला आला. त्यानंतरची वर्षे ओढाताणीत गेली. २०२१ च्या सुरुवातीला गव्हर्नर फिल स्कॉट यांनी कार्यकारी आदेशाने मंडळाच्या जागी पूर्णवेळ व्यावसायिक मंडळ आणण्याचा प्रयत्न केला; मोठ्या अर्जांचा निर्णयही त्याच्याकडे जाणार होता. नागरिक आयोगांचे महत्त्व कमी होईल, या भीतीने सेनेटने तो आदेश फेटाळला. २०२० आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली विधेयके गव्हर्नरांनी परत पाठवली.

कोंडी फुटली ती दोन आपत्तींमुळे. पहिली घरांची. भाडे परवडत नाही, कामगारांना राहायला जागा नाही, बेघरांना मोटेलमध्ये ठेवावे लागते, अशी स्थिती कोविडनंतर आली. २०२३ च्या ॲक्ट ४७ ने निवडक गावकेंद्रांमध्ये १० घरांची मर्यादा तात्पुरती २५ वर नेली आणि जिथे एक कुटुंबाचे घर चालते तिथे दोन कुटुंबांचेही चालेल, असे सर्व गावांवर बंधन घातले. दुसरी आपत्ती पाण्याची. जुलै २०२३ मध्ये माँटपेलिअरची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि राज्यभर खोऱ्यांतली गावे उद्ध्वस्त झाली. न्यू इंग्लंडची जुनी गावे गिरण्यांसाठी नदीकाठी वसली. नळ, सांडपाणी, दुकाने, शाळा तिथेच. घरे गावात बांधा म्हणावे तर पूररेषा आडवी येते, डोंगरावर बांधा म्हणावे तर जंगल तुटते आणि खाली येणारे पाणी आणखी वेगाने येते. नकाशाशिवाय हा पेच सोडवता येणार नाही, हे आता टाळणे शक्य नव्हते.

ॲक्ट १८१ (२०२४)

२०२४ च्या ॲक्ट १८१ ने कक्षेचा पाया आकाराकडून स्थानाकडे वळवला. गव्हर्नर स्कॉट यांनी विधेयक परत पाठवले. ते संवर्धनाकडे फार झुकलेले आहे आणि ग्रामीण भागात कायद्याची व्याप्ती वाढवते, असे त्यांचे म्हणणे होते. विधिमंडळाने १७ जून २०२४ रोजी त्यांचा नकार मोडून काढला.

प्रादेशिक नियोजन आयोग भविष्यातील भू-वापराचे नकाशे करतात आणि त्यानुसार राज्याचे स्तर पडतात. स्तर १-अ मध्ये पाणी व सांडपाण्याची सोय, पक्के झोनिंग, पूर व नदीपात्राचे नियम आणि ते राबवायला कर्मचारी असलेली गावकेंद्रे येतात. गावाने अर्ज करून मंडळाची मान्यता मिळवली की तिथे ॲक्ट २५० चा परवानाच लागत नाही. स्तर १-ब मध्ये १० एकरांपर्यंतच्या जागेवर ५० घरांपर्यंत सूट आहे. उरलेला बहुतांश ग्रामीण भाग स्तर २. स्तर ३ हा नाजूक नैसर्गिक क्षेत्रांचा. त्याच्या सीमा मंडळाने नियमांनी ठरवायच्या. मंजूर मजकुरात रस्तानियमही परत आला. या वेळी ८०० फुटांच्या रस्त्याबरोबर, रस्ता आणि खासगी वाटा मिळून २,००० फूट, अशी जोड दिली, म्हणजे ७९० फुटांची जुनी पळवाट उरत नाही. सलग जंगलपट्टे आणि वन्यजीवांच्या वाटा तुटू नयेत, असे निकषही आले. नकाशे पूर्ण होईपर्यंत गावकेंद्रांतल्या घरांना मुदतीच्या सवलती दिल्या आहेत.

मंडळ पाच पूर्णवेळ सदस्यांचे झाले. इच्छुकांची छाननी एक समिती करते, नेमणूक गव्हर्नर करतात आणि सेनेट संमती देते. जिल्हा आयोगांचे नागरिक सदस्य जागेवर राहिले, आणि या सुधारणेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच म्हणावा लागेल. २०२१ चा प्रस्ताव जिथे अडला तो काटा काढून टाकल्यामुळे व्यावसायिक मंडळ स्वीकारले गेले. मंडळाच्या कामाचा भर आता प्रादेशिक आराखडे तपासून मंजूर करणे, गावांना स्तर १-अ चा दर्जा देणे आणि नियम करणे यांवर आहे. १९७० च्या दशकात राज्याने एका फटक्यात ओढू पाहिलेली रेघ या वेळी प्रादेशिक आयोग गावांशी बोलून ओढतात आणि मंडळ ती पारखते. पहिल्या नकाशाच्या अपयशातून घेतलेला हा धडा आहे.

ग्रामीण भागातला राग मात्र खरा आहे आणि तो समजून घ्यायला हवा. वडिलोपार्जित जमिनीत रस्त्यापासून आत मुलीला घर बांधून द्यायचे असलेल्या माणसाला २,००० फुटांची अट शहरी सुट्टीघरवाल्यासाठी आहे की आपल्यासाठी, हे कळत नाही. त्याला दोघांनाही लागू होणारा एकच नियम दिसतो. छोट्या गावांची अडचण वेगळी. ज्यांच्याकडे सांडपाणी वाहिनी नाही, पगारी नियोजक नाही, त्यांना स्तर १-अ मिळणे कठीण, म्हणजे सवलत आधीच सुसज्ज असलेल्या गावांकडे जाणार. सांडपाणी प्रकल्पांना पैसा दिल्याशिवाय नकाशा एकटा हे अंतर भरून काढणार नाही.

अपिलांचा प्रश्न ॲक्ट १८१ ने खुला ठेवला. ती न्यायालयातच राहिली, आणि मंडळाकडे परत आणावीत का, याचा अभ्यास करण्याचे काम मंडळावरच सोपवले. स्तर १-अ मध्ये जुन्या परवान्यांच्या अटींचे काय, याचे उत्तर मात्र कायद्यात आहे: ॲक्ट २५० ची कक्षा उठली तरी आधीच्या अटी विरून जात नाहीत, त्या राबवण्याचे काम गावाकडे येते. त्यामुळे दर्जा मागणाऱ्या गावाला आपल्या हद्दीतले दशकानुदशकांचे परवाने शोधून, कुठे कोणती झाडे राखायची, कोणत्या वेळी दिवे मालवायचे, कोणता ओढा मोकळा ठेवायचा, हे वाचून त्यांची जबाबदारी घ्यावी लागते.